रविवारी पाणी बदललं, मंगळवारी मासे गेले

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी काही गफलत झाली असेल तर लगेच कळेल. तुम्ही पुण्यात राहता. टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. त्यात सहा मोली, चार गप्पी आणि मुलाच्या हट्टापायी आणलेले दोन छोटे गोल्डफिश. दर रविवारी मासे टबात काढता, टाकी पूर्ण रिकामी करता, काचा, खडे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुता. मग नळाचं नवं पाणी भरून दुकानदाराने दिलेल्या बाटलीतले अँटी-क्लोरीनचे दहा थेंब आणि थोडं निळं औषध टाकता. मासे संध्याकाळपर्यंत ठीक असतात, सोमवारी मलूल होतात आणि मंगळवार-बुधवारी एक-दोन दगावतात. सोसायटीत कधी महापालिकेचं पाणी असतं, कधी टँकरचं. तुम्ही विचारलंय की थेंब वाढवू, पाणी रात्रभर ठेवू, की बाटलीबंद पाणी आणू.

मी अठरा वर्षं लोकांच्या घरच्या, दवाखान्यांतल्या, ऑफिसांतल्या टाक्या सांभाळते. तुमच्यासारखा प्रश्न कोणी विचारला की मी आधी एकच विचारते: मासा पाणी बदलल्यानंतर किती वेळाने मरतो? कारण त्यावरून बरंचसं निदान होतं. क्लोरीन जास्त असेल तर मासा पहिल्या काही मिनिटांत, फार तर काही तासांत दाखवतो. सैरावैरा पळतो, पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतो, रंग फिका पडतो, अंगावर चिकट पापुद्रा येतो. पाणी एकदम गार किंवा गरम पडलं तरीही लगेच कळतं. तुमच्याकडे पहिला दिवस शांत जातो आणि तिसऱ्या दिवशी मासा मरतो. हे बहुतेक वेळा अमोनियाचं लक्षण आहे. क्लोरीनने कल्ले थोडे भाजले आणि मासा दोन दिवसांनी गेला असंही होतं, त्यामुळे क्लोरीनला मी पूर्ण सोडून देत नाही. पण माझा पहिला संशय त्या नळाखाली धुतलेल्या स्पंजावर आहे.

मासा श्वासातून आणि विष्ठेतून सतत अमोनिया सोडतो. चालू असलेल्या टाकीत फिल्टरच्या स्पंजात आणि खड्यांवर जिवाणूंचा थर बसलेला असतो. तो अमोनियाचं नायट्राइट करतो आणि नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं आणि तेच काढायला आपण पाणी बदलतो. हा थर नव्या टाकीत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही तो दर रविवारी क्लोरीनच्या पाण्याने धुऊन काढता. क्लोरीनचं कामच जिवाणू मारण्याचं आहे, त्याला आपले-परके कळत नाहीत. म्हणजे तुमची टाकी कितीही महिन्यांची असली तरी दर रविवारी ती पहिल्या दिवसावर येते, आणि दोन दिवसांत बारा माशांचा अमोनिया साठतो. थेंब वाढवून त्याला काही होणार नाही. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तसं ते होईल.

आता क्लोरीनकडे वळते, कारण तुमचे दहा थेंबही बरोबर नाहीत आणि आज ना उद्या ते दगा देणार आहेत.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, घरच्या नळाला एका लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळा, म्हणजे कशालाही न बांधलेला, क्लोरीन उरलेला असावा आणि १ मिलिग्रॅमपर्यंत चालेल असं धरलेलं आहे. माणसासाठी ही सुरक्षिततेची खूण आहे. पण ०.२ मिलिग्रॅममध्ये काही तास राहिलेल्या नाजूक माशाचे कल्ले खराब होऊ शकतात. आपण पाणी पितो, ते पोटात जातं आणि तिथे क्लोरीन लगेच संपतो. माशाच्या कल्ल्यांवरून मात्र तेच पाणी दिवसभर वाहतं, आणि कल्ल्याचं कातडं इतकं पातळ असतं की त्यातून रक्त थेट प्राणवायू घेतं.

मुख्य अडचण अशी की हा आकडा रोज सारखा नसतो. पुण्याला खडकवासल्याच्या साखळीतल्या धरणांचं पाणी येतं. पावसाळ्यात ते गढूळ झालं की जलशुद्धीकरण केंद्रात तुरटीही वाढते आणि क्लोरीनही. केंद्राच्या जवळच्या भागात नळाला जास्त क्लोरीन येतो, लांबच्या टोकाला कमी. सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत आणि मग गच्चीवरच्या टाकीत पाणी पडून राहिलं की आणखी घटतो. टँकरवाला कधी टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर किंवा तिचं द्रावण अंदाजाने ओततो, कधी ओततच नाही. आणि सोसायटी वर्षातून एक-दोनदा टाक्या धुते, तेव्हा ब्लीचिंगने घासलेल्या टाकीतलं पहिलं पाणी सगळ्यांत वाईट असतं.

हे मी महागात शिकले. कामाला सुरुवात करून तीनच वर्षं झाली होती. एका दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये चार फुटी टाकी होती, त्यात पाच मोठे एंजल मासे. त्यांतली एक जोडी माझ्या हातावर वाढलेली, फिल्टरच्या नळीवर अंडी घालून दोघं पंख्यासारखे पर हलवत उभे राहायचे. मी नेहमीचं औषध नेहमीच्या मापाने टाकून पाणी भरलं आणि पुढच्या कामाला गेले. आदल्या दिवशी इमारतीच्या टाक्या धुतल्या होत्या. वॉचमनने फाटकावर तशी पाटी लावली होती. मी ती बघून पुढे गेले होते, पण माझ्या डोक्यात ती आणि मासे यांची सांगड बसली नाही. दीड तासाने फोन आला. पाचातले चार गेले. त्या दिवसापासून माझ्या पिशवीत क्लोरीन तपासायची बाटली असते, आणि कुठल्याही इमारतीत शिरताना मी पाटी वाचते.

ती तपासणी अगदी साधी आहे. गावाकडे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक जी ओटी टेस्ट करतो, तीच. ऑर्थोटोलिडिनची छोटी बाटली, एक काचेची नळी आणि रंगांचा कागद, असा संच प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या किंवा जलतरण तलावाचं साहित्य ठेवणाऱ्या दुकानात मिळतो. नळाचं पाणी आधी मिनिटभर वाहू द्यायचं, मग नळीत खुणेपर्यंत घ्यायचं, सांगितलेले थेंब टाकायचे आणि नळी पांढऱ्या कागदासमोर धरायची. काहीच रंग आला नाही तर मोकळा क्लोरीन नाही. लिंबाच्या सालीसारखा फिका पिवळा म्हणजे थोडा आहे. हळदीच्या पाण्यासारखा गडद झाला तर त्या दिवशी मी पाणी बदलतच नाही, दोन दिवस थांबते. रंग थेंब टाकताक्षणी बघायचा. पाच मिनिटांनी तो बराच गडद होत गेला तर मोकळ्या क्लोरीनबरोबर अमोनियाला बांधलेला क्लोरीनही पाण्यात आहे, त्याबद्दल पुढे सांगते. हे रसायन विषारी आणि आम्लयुक्त आहे. तपासलेलं पाणी मोरीत ओता, टाकीत परत टाकू नका, आणि बाटली मुलाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. डीपीडीच्या गोळ्यांचा संच मिळाला तर तो जास्त चांगला, त्यात रंग गुलाबी येतो.

क्लोरीन मारणारं औषध म्हणजे बहुतेक वेळा सोडियम थायोसल्फेट. फोटो स्टुडिओत फिल्म धुवायला वापरायचे ते हायपो. इथे एक इशारा अगदी जिवावरचा आहे. आपल्याकडे हॉस्पिटलमध्ये आणि सफाईच्या कामात सोडियम हायपोक्लोराइटलाही हायपोच म्हणतात. ते चक्क क्लोरीनचं द्रावण आहे, म्हणजे नेमकं उलटं. दुकानात नुसतं हायपो मागू नका. सोडियम थायोसल्फेटचे खडे मागा आणि लेबल वाचून घ्या. खडे पांढरे, पारदर्शक, खडीसाखरेसारखे असतात आणि त्यांना ब्लीचिंगचा वास येत नाही.

मी १०० ग्रॅम खडे थोड्या पाण्यात विरघळवून एकूण एक लिटर द्रावण करते. तुम्हाला २५ ग्रॅमचं पाव लिटर वर्षभर उरेल इतकं होईल, पण ते तीन-चार महिन्यांनी नवं करा. खडे विरघळताना बरणी हातात धरून बघा, काच गार पडत जाते, फ्रिजमधून काढल्यासारखी. गार पडली की मला खात्री वाटते, पण तेवढ्यावर विसंबू नका, लेबलच प्रमाण माना. आरओचं किंवा उकळून निवलेलं पाणी घ्यायचं आणि गडद रंगाच्या बाटलीत अंधारात ठेवायचं. द्रावण गढूळ झालं किंवा तळाला पिवळसर साका बसला की टाकून द्यायचं.

हिशेब असा की कागदावर एक मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण सात मिलिग्रॅम थायोसल्फेटचे खडे लागतात. वरच्या द्रावणाच्या एका मिलीलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम खडे असतात. म्हणून दहा लिटर पाण्याला एक मिली टाकलं तर लिटरमागे जवळजवळ १.४ मिलिग्रॅमपर्यंतचा क्लोरीन जातो. नळाच्या नेहमीच्या पाण्याला हे पुरून उरतं. बिनसुईच्या सिरिंजने मोजायचं, थेंब मोजत बसायचं नाही.

आता तुमचे दहा थेंब बघा. वीस थेंब म्हणजे सुमारे एक मिली, तर दहा थेंब अर्धा मिली. तुमची टाकी काठोकाठ भरली तर ५६ लिटर. तुमच्या बाटलीतलं औषध माझ्या द्रावणाइतकं तीव्र असलं तरी अर्धा मिली एवढ्या पाण्यातला लिटरमागे फक्त ०.१३ मिलिग्रॅम क्लोरीन मारेल. म्हणजे नळाला किमान असायला हवा त्याच्या निम्म्याहून थोडाच जास्त. तरीही तुमचे मासे पहिल्या दिवशी तगतात, म्हणजे बहुतेक रविवारी तुमच्या नळाला क्लोरीन नगण्य येत असावा, कदाचित सोसायटीच्या टाक्यांत पडून पडून उडालेला. ते तुमचं नशीब होतं. ज्या रविवारी ताजं पाणी चढेल किंवा टँकरवाल्याचा हात सैल असेल, त्या रविवारी तेच दहा थेंब कमी पडतील.

दुकानातली बाटली वापरायची असेल तरी हरकत नाही, फक्त तिची ताकद आपण मोजायची. दहा लिटर नळाचं पाणी बादलीत घ्या आणि ओटी टेस्ट करून पिवळा रंग बघा. मग औषध अर्ध्या अर्ध्या मिलीने टाकत, दर वेळी दोन मिनिटं ढवळून, नवी नळी तपासा. रंग ज्या मापाला पूर्ण गेला त्याच्या दुप्पट हे तुमचं माप. बाटलीवर लिहून ठेवा. थायोसल्फेटचं दुप्पट माप माशांना बाधत नाही. दहापट टाकायची गरजही नाही आणि ते करूही नये. क्लोरीनवर त्याचा परिणाम काही सेकंदांत होतो, त्यामुळे टाकून दोन मिनिटं ढवळणं पुरेसं आहे.

औषध बादलीतच टाकायचं, टाकीत नाही. पाणी माशापर्यंत पोचण्याआधी ते मासायोग्य झालेलं असलं पाहिजे. मोठ्या टाक्यांत मला कधी पाइप लावून थेट भरावं लागतं, तेव्हा औषध आधी टाकते आणि मापही नव्या पाण्याचं न घेता पूर्ण टाकीचं घेते. तुमची टाकी लहान आहे, तुम्हाला ही पाळी येऊ नये.

रात्रभर ठेवलेलं पाणी चालतं का, तर मोकळ्या क्लोरीनसाठी चालतं, पण भांडं कसं आहे यावर ते अवलंबून आहे. रुंद तोंडाची बादली, तिच्यात एअर पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा एअर स्टोन सोडलेला, वरून फक्त कापड, अशी संध्याकाळपासून सकाळपर्यंत ठेवली तर क्लोरीन बहुतेक सगळा जातो. उन्हात आणखी लवकर. झाकण लावलेल्या पिंपात किंवा तोंडापर्यंत भरलेल्या कॅनमध्ये तो दिवसभराने पण सापडतो, मी मोजलेला आहे. मी घरी दोन्ही करते. रात्रभर हवा देते आणि सकाळी नळी तपासते. जराही पिवळं दिसलं तर हायपो. रात्रभर ठेवण्याचा दुसरा फायदा असा की पाण्याचं तापमान खोलीइतकं येतं आणि त्यात दाबामुळे विरघळलेली हवा निघून जाते. फक्त भांड्यावर कापड घट्ट बांधा आणि पाणी आठवडाभर साठवून ठेवू नका. डेंग्यूचा डास नेमकं असंच स्वच्छ, साठलेलं पाणी शोधत असतो.

बांधलेल्या क्लोरीनबद्दल आता सांगते. पाण्यात आधीच अमोनिया असेल तर क्लोरीन त्याला चिकटून क्लोरामाइन तयार होतं. परदेशात काही शहरं ते मुद्दाम करतात, कारण ते लांबच्या नळांपर्यंत टिकतं. सॅन फ्रान्सिस्कोने २००४ मध्ये क्लोरामाइन सुरू केलं. माझी भाची तिकडच्याच भागात राहते. तिने माझ्या सांगण्यावरून पाणी रात्रभर ठेवलं आणि तिचे टेट्रा मासे मेले, कारण क्लोरामाइन असं उडून जात नाही. सल्ला माझा होता आणि तो तिथल्या पाण्याला लागू नव्हता. थायोसल्फेटने क्लोरामाइन तुटतं, पण मागे अमोनिया उरतो, क्लोरीनच्या हिशेबातल्या दर मिलिग्रॅममागे साधारण पाव मिलिग्रॅम. जमलेला फिल्टर तेवढा खाऊन टाकतो. तुमच्यासारख्या दर रविवारी धुतलेल्या फिल्टरच्या टाकीत तेवढाही जड जातो. आपल्याकडे नळाला मुख्यतः मोकळा क्लोरीनच असतो. पण ओटीचा रंग पाच मिनिटांत गडद होत गेला, तर अमोनियाही बांधून ठेवणारं चांगल्या कंपनीचं वॉटर कंडिशनर घ्या.

टँकरच्या पाण्याची गोष्ट वेगळी आहे. ते बहुधा बोअरचं किंवा विहिरीचं असतं. दख्खनच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं असतं, तर धरणाचं मऊ. मोलीला जड पाणी आवडतं, पण एका आठवड्यात मऊ आणि दुसऱ्या आठवड्यात पूर्ण टाकी जड, असा झोका कुठल्याच माशाला सोसत नाही. बोअरच्या ताज्या पाण्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. लोह असेल तर हवा लागल्यावर पाणी तांबूस होतं. म्हणून टँकरच्या पाण्याला रात्रभर हवा देणं मी सक्तीचं मानते, क्लोरीन असो वा नसो. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर घेता आला तर घ्या. आज आलेलं पाणी कालच्याच जातीचं आहे की नाही, हे तो दोन सेकंदांत सांगतो. क्लोरीन मात्र त्याला कळत नाही, त्यासाठी नळीच हवी.

तापमानावर फार लिहीत नाही, पण पुण्यात ते दोन टोकांना चुकतं. डिसेंबरच्या सकाळी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला झोंबतं, आणि मे महिन्यात दुपारी तेच अंघोळीला घेण्याइतकं तापलेलं असतं. थर्मामीटर लावून बादली आणि टाकी यांत दोन अंशांपेक्षा जास्त फरक ठेवू नका. थंडीत गार पाणी ओतल्यावर आठवड्याभरात अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येतात, तो रोग याच धक्क्यानंतर उसळतो. पाणी कोमट करायचं तर स्टीलच्या पातेल्यात थोडं तापवून मिसळा. गॅस गिझरमधलं घेऊ नका. त्याच्या आतल्या नळ्या तांब्याच्या असतात, आणि तांबं माशांना आणि त्याहून जास्त कोळंबीला घातक आहे.

मग रविवारी करायचं काय? टाकी रिकामी करायची नाही आणि मासे बाहेर काढायचे नाहीत. सायफनच्या नळीने खड्यांतला गाळ ओढत एक बादली पाणी काढायचं, साधारण १५ ते १७ लिटर, म्हणजे टाकीच्या पाव भागाहून किंचित जास्त. स्पंज दाबायचा तो त्याच काढलेल्या पाण्यात, दोन-तीनदा, आणि तोही तीन-चार आठवड्यांतून एकदा. पिळल्यावर पाणी तपकिरी होईल, स्पंजही तपकिरीच राहील. तो तसाच परत लावायचा. लोकांना हे घाण वाटतं, पण त्या तपकिरी रंगातच टाकीचा जीव आहे. काच आतून शेवाळलेली असेल तर टाकीसाठीच ठेवलेल्या नव्या स्क्रबरने पुसायची, साबणाचा हात लावायचा नाही. मग आदल्या रात्री ठेवलेली, तपासलेली, दीड-दोन मिली हायपो घातलेली बादली तांब्याने हळूहळू किंवा नळीने बारीक धार लावून ओतायची, १०-१५ मिनिटं घेऊन. एअर पंप पूर्ण वेळ चालू.

पाव भागच का बदलायचा, हे नीट सांगते, कारण माझ्या सगळ्या पद्धतीचा आधार तोच आहे. समजा तपासणी चुकली आणि बादलीत लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन राहून गेला. पूर्ण टाकी बदलली असेल तर मासे पूर्ण अर्ध्या मिलिग्रॅममध्ये सापडतात. पाव भाग बदलला तर तो उरलेल्या पाण्यात मिसळून मिलिग्रॅमच्या आठव्या हिश्श्यावर येतो, आणि टाकीतल्या गाळाशी, जिवाणूंशी झटापट करत लवकरच संपतो. पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी याचं माप), जडपणा, तापमान, सगळ्याला हेच लागू.

तुम्ही कितीही काटेकोर झालात तरी या टाकीचा फिल्टर नव्याने जमायला महिना-दीड महिना जाणार आहे. त्या काळात अमोनिया तपासायचा संच हवाच. थेंबांचा घ्या, पट्ट्यांचा नको. लिटरमागे ०.५ मिलिग्रॅमच्या वर गेला तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता पाव टाकी बदला, मग तो रविवार असो वा बुधवार. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. इथे पीएचही बघा, कारण अमोनियाचा विषारी भाग पीएचवर ठरतो. २५ अंशांना पीएच ७ असेल तर शंभरातला एक हिस्साही विषारी नसतो, ८ असेल तर पाचाहून जास्त होतो. म्हणून मऊ पाण्यात चाललेल्या टाकीत बोअरचं चढ्या पीएचचं पाणी एकदम ओतलं की निवांत दिसणारा अमोनिया अचानक जहाल होतो.

पाणी बदलल्यावर मासे लगेच वर येऊन धापा टाकू लागले, तर घाबरून पुन्हा नळाचं पाणी ओतू नका. पूर्ण टाकीच्या मापाने, म्हणजे तुमच्याकडे पाच-सहा मिली, हायपो सरळ टाकीत घाला, हवा वाढवा, दिवा बंद करा. त्या एंजलच्या दिवशी मी उलटं केलं होतं. फोन आल्यावर धावत गेले आणि त्याच नळाचं आणखी पाणी घातलं.

तुमच्या उरलेल्या शंका थोडक्यात. बाटलीबंद पाण्याची गरज नाही, त्यात क्षार कमी असतात आणि खर्च वाया जातो. नुसतं आरओचं पाणीही नको, त्याच कारणाने. आरओतून बाजूला टाकलं जाणारं पाणी मात्र कार्बनमधून गेल्याने बहुधा क्लोरीनमुक्त असतं आणि क्षार थोडे जास्त. धरणाचं पाणी येत असताना मोलीसाठी ते मी वापरलेलं आहे, पण टँकरच्या आठवड्यात नको, तेव्हा ते फार जड होतं. निळ्या औषधाचा क्लोरीनशी काही संबंध नाही. ते बुरशीवरचं औषध आहे, रोग नसताना टाकू नका. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं तर बादलीत तुरटी फिरवू नका. मऊ पाण्यात तुरटीने पीएच कोसळतो. पाणी स्थिर ठेवून वरचं कापडातून गाळून घ्या.

गोल्डफिशबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगते. ते गार पाण्याचे, खूप खाणारे आणि खूप घाण करणारे मासे आहेत. दोन फुटी टाकीतला निम्म्याहून जास्त अमोनिया त्या दोघांचा असेल. ते ओळखीत कोणाच्या मोठ्या टाकीत देता आले, तर मोली-गप्पींना ही टाकी पुष्कळ होईल. मुलाला आधी समजावून सांगा. तो मासे बघायला तिथे जाऊ शकेल असं घर शोधा.

या रविवारी स्पंजाला हात लावू नका, एकच बादली बदला. मंगळवारी संध्याकाळी अमोनिया, पीएच आणि नळाच्या ओटीचा रंग, असे तीन आकडे मला कळवा. त्या आठवड्यात पाणी महापालिकेचं होतं की टँकरचं, तेही लिहा. मग पुढच्या बादलीचं माप ठरवू.